भूक की तहान?

मे महिन्यात भर दुपारी नांदगाव पेठेहून सायकलने अमरावतीला गेलात, की गळल्यासारखे होते, डोके दुखते. ही भूक की तहान? लक्षणे दोन्हींची आहेत. पण विचार करा: हवा ४५ अंश सेल्सिअस, शरीर ३७. आता उष्णता बाहेर टाकते केवळ घामाचे बाष्पीभवन. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो, म्हणून गेलेले पाणी दिसतच नाही. रक्ताची संहती एक-दोन टक्के वाढली, की मेंदू तहान जागवतो. तिकडे दुर्लक्ष केल्यास उष्माघाताचा धोका वाढतो. तोंड कोरडे, लघवी गडद पिवळी असेल, तर तहानच समजा. सावलीत बसून पेलाभर पाणी प्या, पंधरा मिनिटे थांबा. पाण्याने खरी भूक भागत नाही. पोट पुन्हा मागेल, तेव्हा खुशाल भाकरी खा!