यंत्र, सृष्टी आणि हरवलेला कर्ता

सृष्टीचा ढळलेला समतोल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे आजच्या वाङ्मयाचे दोन स्वतंत्र विषय मानण्याची प्रथा पडली आहे. पहिल्याची गणना निसर्गविषयक लेखनात होते, दुसऱ्याची विज्ञानकथेत. दोहोंचे मूल्यमापन करताना मात्र समीक्षेच्या हाती बहुधा एकच मोजपट्टी असते: लेखकाचे भाकीत खरे ठरले की नाही? वस्तुतः ही मोजपट्टी ज्योतिषाला लावावी, कलाकृतीला नव्हे. या दोन विषयांच्या मुळाशी असलेला वाङ्मयीन प्रश्न निराळा आहे आणि तो दोहोंत एकच आहे.

हा प्रश्न भाषेच्या नित्य वापरातच दडलेला आहे. ‘निसर्ग कोपला’, ‘जंगल तोडले गेले’, ‘संगणकाने अर्ज नाकारला’ ही तीन वाक्ये रोजच्या व्यवहारात निःशंकपणे वापरली जातात. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात कर्ता आहे, परंतु तो खरा कर्ता नव्हे. दुसऱ्यात कर्ता मुळी उरलेलाच नाही. व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये निर्दोष असली, तरी नीतिदृष्ट्या ती सोयीची आहेत. केलेल्या कृत्याचे फळ समोर उभे राहते, पण ते करणारा दिसेनासा होतो. या विषयांवरील श्रेष्ठ साहित्याने जे कार्य केले आहे, ते या हरवलेल्या कर्त्याचा शोध घेण्याचे होय.

मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीची जन्मकथा या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्यामुळे वातावरणाच्या उंच थरांत पसरलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडविला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, महागाई भडकली. त्या थंड, पावसाळी दिवसांत जिनिव्हा सरोवराच्या काठी या कथेचा आरंभ झाला; १८१८ साली ती प्रसिद्ध झाली. बिघडलेल्या ऋतूचे कारण त्या वेळी तेथे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या बिघाडाला माणूस जबाबदारही नव्हता. कादंबरीने मात्र नेमका जबाबदारीचाच प्रश्न उभा केला. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचा अपराध त्याने जीव निर्माण केला एवढाच नाही. तो जीव डोळे उघडताच निर्माता पळून जातो, हा त्याचा खरा अपराध आहे. पुढची सारी हिंसा या पलायनातून उद्भवते. निर्मितीला राक्षस ठरवून निर्मात्याला विसरणारा वाचक, नकळत, व्हिक्टरच्याच वाटेने जातो. निर्मात्याचे नाव लोकांच्या तोंडी त्या राक्षसाला चिकटले, ही केवळ गंमत नव्हे. ते याच विस्मरणाचे चिन्ह आहे.

भारतीय साहित्यात हाच प्रश्न रवींद्रनाथ ठाकुरांनी दोन नाटकांतून हाताळला. १९२२ च्या ‘मुक्तधारा’मध्ये राजयंत्रविद् विभूती धबधब्याला बांध घालतो. भैरवमंदिराच्या त्रिशूळासमोर यंत्राचे लोहशिखर आकाशात उठलेले दिसते. खाली शिवतराईच्या प्रजेचे पाणी तुटणार आहे, आणि बांधकामावर नेलेला आपला सुमन परत येईल म्हणून अंबा ही माता रस्तोरस्ती त्याला शोधीत हिंडते आहे. कोणा शेतकऱ्याचे शेत वाळेल याचा विचार करण्यास विभूतीला सवड नव्हती. त्याला मानवी बुद्धीचा जय हवा होता. शेवटी युवराज अभिजित बांध फोडतो आणि त्या प्रवाहाबरोबर वाहून जातो. नाटक लिहिले जात होते त्याच सुमारास, १९२१ पासून, महाराष्ट्रात मुळशीचे शेतकरी आपल्या जमिनी बुडविणाऱ्या जलविद्युत् धरणाविरुद्ध सत्याग्रह करीत होते आणि सेनापती बापट त्यांच्या अग्रभागी होते. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. हा प्रश्न कविकल्पनेतला नव्हता, एवढेच लक्षात घ्यावयाचे.

‘रक्तकरबी’ हे दुसरे नाटक याहून सूक्ष्म आहे. यक्षपुरीत जमिनीच्या पोटातून सोने उपसले जाते, खाणकामगारांना नावांऐवजी आकडे आहेत, आणि राजा जाळीआड राहतो. नाटकाच्या अखेरीस राजाला आढळून येते, की ज्या यंत्रणेचा तो स्वामी म्हणवीत होता ती त्याचेही ऐकत नाही. तिने त्याच्याच हातून, त्याला न कळू देता, रंजनचा वध करविला आहे. आज्ञा पाळता पाळता आज्ञाकर्त्यालाच बाजूला सारणारी यंत्रणा हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेतले आजचे भय. परंतु रवींद्रनाथ तेथे थांबत नाहीत. त्यांचा राजा जाळीबाहेर येतो, आपलाच ध्वज मोडतो आणि नंदिनीच्या बाजूने उभा राहतो. यंत्रणा हाताबाहेर गेली आहे, ही सबब तो पुढे करीत नाही. कर्तेपण तो परत स्वीकारतो, आणि नाट्याचा उत्कर्षबिंदू येथेच आहे.

‘रोबो’ हा शब्द जगाला देणारे चेक नाटककार कारेल चापेक यांनी या प्रश्नाची आर्थिक बाजू उघडी केली. ‘आर. यू. आर.’ हे त्यांचे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. तो शब्द त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविलेला, आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. या नाटकातील रोबो लोखंडाचे नाहीत. ते सजीव द्रव्यातून घडविलेले आहेत, आणि कामाला अनावश्यक असे जे जे काही, ते त्यांच्यातून वगळलेले आहे. श्रम संपताच मनुष्यजातीची प्रजोत्पत्तीही थांबते. विनाश समोर उभा राहिल्यावर दोष कोणाचा, असा प्रश्न निघतो. तेव्हा कारखान्याचा एक अधिकारी दाखवून देतो की उत्पादन चालकांच्या इच्छेने वाढले नाही. ते वाढविले स्वस्त श्रमाच्या मागणीने. म्हणजे कर्ता एक नाही, असंख्य आहेत.

नेमकी येथेच वाङ्मयप्रकाराची अडचण सुरू होते. कादंबरीला पात्र लागते, पात्राला इच्छा आणि कृती लागते. हवामानाचा बदल मात्र कोट्यवधी लोकांच्या क्षुल्लक, निरुपद्रवी भासणाऱ्या कृत्यांनी घडतो. अमिताव घोष यांनी २०१६ साली ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या ग्रंथात वास्तववादी कादंबरीवर ठेवलेला आक्षेप याच जातीचा आहे: असंभाव्य वाटणाऱ्या निसर्गघटनांना तिने आपल्या घराबाहेर ठेवले आणि त्या दुय्यम मानल्या गेलेल्या वाङ्मयप्रकारांकडे सोपविल्या. आक्षेप मार्मिक आहे. पण या अडचणीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न चापेक यांनी १९३६ च्या ‘वॉर विथ द न्यूट्स’मध्येच केला होता. तेथे बुद्धिमान सॅलमँडर प्राण्यांना मोती काढण्यास, मग बंदरे बांधण्यास जुंपले जाते; राष्ट्रे त्यांना शस्त्रे देतात; आणि उथळ पाण्याची गरज भासताच ते प्राणी भूखंडांचे किनारे स्फोटांनी उडवू लागतात. गुलाम बुद्धी आणि सृष्टीचा विध्वंस या दोन कथा येथे एकच होतात. कादंबरीचा मोठा भाग वृत्तपत्रांतील कात्रणे, अहवाल आणि टिपा यांनी भरलेला आहे, कारण असंख्य कर्त्यांना धारण करणारा तोच आकार होता. ही कात्रणे जमविणारा पोवोंद्रा हा एका उद्योगपतीच्या घरचा द्वारपाल. पहिल्या दिवशी ज्या कप्तानाने ही कल्पना आणली, त्याला त्यानेच आत सोडलेले असते. शेवटी प्रागच्या नदीत त्या प्राण्याचे डोके दिसते, आणि सारे काही आपल्यामुळे झाले असे हा वृद्ध म्हणू लागतो. राजे, बँका, सेनापती यांपैकी कोणी जे म्हणत नाही ते एक द्वारपाल म्हणतो. त्याचे म्हणणे अतिशयोक्त आहे, हास्यास्पदही आहे. तरीही संपूर्ण कादंबरीत कर्तरी प्रयोग करणारा सामान्य माणूस तोच.

मराठीत या दोन्ही विषयांना जयंत नारळीकरांच्या कथालेखनाने प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या एका कथेत मुंबईवर बर्फ पडते. संकटाची सूचना देणारा शास्त्रज्ञ आधीच बोललेला असतो, परंतु त्याचे ऐकले गेलेले नसते. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत लुप्त संस्कृतीच्या ज्ञानावरून यंत्रमानव घडविला जातो. तीन पावले मागणारा बटू आणि दान देणारा बळी यांची आठवण ज्या समाजात जिवंत आहे, तेथे या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. मागणारा लहान दिसतो, आणि दानाचा शब्द दात्याने स्वतःच दिलेला असतो. या लेखनात व्यक्तिचित्रण विरळ आहे, ही तक्रार रास्त आहे. तथापि निर्णय कोणी घेतला, कोणी टाळला, याचा हिशेब ते चुकवीत नाही.

दृश्यकलेने हे कार्य वेगळ्या रीतीने केले आहे. केट क्रॉफर्ड आणि व्लादान योलर यांनी २०१८ साली ‘अॅनाटमी ऑफ अॅन एआय सिस्टम’ हा विस्तीर्ण आलेख रचला. घरातील एका बोलक्या यंत्राला दिलेल्या आज्ञेपासून आरंभ करून तो खनिजांच्या खाणी, कारखान्यांतील मजूर, माहितीचे साठे आणि अखेर टाकाऊ यंत्रांचे ढीग येथपर्यंत रेषा ओढतो. अमूर्त भासणारी बुद्धी येथे जमिनीत रुतलेली दिसते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली. त्यातील एक भागच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी खर्च झाला असला, तरी यंत्र आणि सृष्टी हे दोन विषय नाहीत याची साक्ष आता केवळ रूपकांतून काढावी लागत नाही.

यावरून समीक्षेपुरता एक निकष हाती लागतो. ज्या कलाकृतीत यंत्र स्वयंभू राक्षस बनते किंवा निसर्ग सूड घेणारी देवता बनतो, ती कितीही भयकारी असली तरी वाचकाला आतून निश्चिंत करते. कारण दोष त्याच्या बाहेर ठेवला जातो. जी कलाकृती कृत्यापासून कर्त्यापर्यंतची वाट, ती कितीही लांब आणि वाकडी असो, वाचकाला चालावयास लावते, तीच या विषयाला न्याय देते. असंख्य कर्त्यांमध्ये प्रत्येकाचा वाटा सारखा नसतो, आणि द्वारपालाला उद्योगपतीच्या पंक्तीस बसविणे हाही अन्यायच. हे तारतम्य दाखविण्याचे सामर्थ्य आकडेवारीत नाही. ते नाट्यात आणि कथेत आहे. म्हणून या विषयांवरील नव्या लेखनाकडे वळताना त्यातील भविष्य किती खरे, हे विचारण्यापूर्वी त्यातील वाक्यांचा कर्ता कोण, हे विचारले पाहिजे.