फाल्गुनीचे गाणे आणि दारावरचा प्रश्न

‘डीजे’ हा शब्द मराठीत आता माणसाचा राहिलेला नाही. मिरवणुकीतील ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाच आपण डीजे म्हणू लागलो आहोत. मूळ अर्थाने मात्र डीजे म्हणजे कोणते गाणे केव्हा आणि कशाला जोडून वाजवायचे, हे ठरविणारा माणूस. त्याला समोरच्या गर्दीची नाडी कळावी लागते आणि बहुधा त्याची स्वतःची एखादी लाडकी गायिकाही असते. लंडन-न्यूयॉर्कच्या डीजेसाठी ती मॅडोना किंवा कायली मिनोग असेल. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्याच्या बाबतीत ती फाल्गुनी पाठक असण्याची शक्यता अधिक. समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींसह सर्वांना मुक्तद्वार असलेल्या नृत्यमेळाव्यांत, म्हणजे हल्लीच्या भाषेत ‘क्विअर पार्ट्यां’त, फाल्गुनीचे गाणे लागले की जो जल्लोष होतो, त्यामागे केवळ लहानपणीच्या आठवणी नाहीत.

१९९८ साली ‘याद पिया की आने लगी’ आले आणि पुढच्याच वर्षी ‘मैंने पायल है छनकाई’. केबल टीव्हीमुळे ही गाणी घराघरांत पोहोचली. त्यातील गायिका पडद्यावर दिसे ती शर्ट-पँटमध्ये, आखूड केसांत. नवरात्रात घागरा-चोळीतल्या हजारोंसमोर व्यासपीठावरही ती तशीच उभी राहिली. गायिकेने नटूनथटूनच लोकांसमोर यावे, हा संकेत तिने पाळला नाही आणि नवल म्हणजे गुजराती-मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांनीही तो कधी मनावर घेतला नाही. आजीपासून नातीपर्यंत साऱ्या तिच्या तालावर नाचल्या. २००० सालच्या ‘मेरी चूनर उड उड जाये’च्या चित्रफितीत एका एकाकी मुलीच्या आयुष्यात चित्रातली तरुणी अवतरते. त्या दोघींचे नाते अनेकींनी पुढे आपल्या परीने वाचले. पाठक यांच्या खासगी आयुष्याविषयी तर्क करण्याचे येथे काहीच कारण नाही. ‘आपल्यासारखी न दिसणारी’ बाईही सर्वांची लाडकी होऊ शकते, एवढे दिसणेच त्या वयातील कित्येकांना पुरेसे होते.

दुसरे कारण खुद्द गरब्याच्या रचनेत आहे. गरबा वर्तुळात फिरतो. त्यात ठरलेला जोडीदार लागत नाही. दांडियात समोरासमोर रांगा असतात, पण टिपऱ्यांचे एक आवर्तन संपले की प्रत्येकजण एक पाऊल पुढे सरकतो आणि समोरचा माणूस बदलतो. तो पुरुष आहे की स्त्री, ओळखीचा आहे की परका, याने ताल चुकत नाही. ‘तुम्ही कोणासोबत आलात?’ हा प्रश्न त्या रिंगणात निरर्थक ठरतो.

क्लबच्या दारावर मात्र तोच प्रश्न पहिला असतो. मुंबईतील अनेक क्लबांत एकट्या पुरुषाला प्रवेश नाकारण्याची किंवा त्याच्याकडून जास्त पैसे घेण्याची प्रथा आहे; जोडप्यांना मात्र मोकळीक. महिलांना त्रास होऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते आणि ते अगदीच खोटे नाही. पण ‘जोडपे’ म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष, असे दारावरच्या माणसाने गृहीत धरले की दोन मित्र, दोन मैत्रिणी किंवा तृतीयपंथी व्यक्ती यांची वाट आपोआप बंद होते. हा प्रकार आपल्याकडचाच नव्हे. एकेकाळी न्यूयॉर्कमध्येही नृत्यगृहात तीन पुरुषांमागे निदान एक स्त्री असावी, असा नियम होता. १९७० मध्ये डेव्हिड मँकुसो यांनी तेथे आपल्या राहत्या जागेतच निमंत्रितांसाठी नृत्यमेळावे सुरू केले. डिस्को संस्कृतीची मुळे तेथवर जातात. पुढे शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये फ्रँकी नकल्स यांनी वाजविलेल्या संगीताला ‘हाउस’ हे नाव पडले, तेही अशाच कृष्णवर्णीय आणि समलिंगी गर्दीत.

मुंबईत नव्वदच्या दशकात कुलाब्याचा ‘व्हूडू’ पब शनिवारी अशा मंडळींचे ठिकाण होता. १९९८ पासून ‘गे बॉम्बे’ या गटाने इंटरनेटवरून लोकांना जोडले आणि पुढे स्वतःच्या पार्ट्याही भरविल्या. नाचणे हा कलम ३७७ खाली कधीच गुन्हा नव्हता. परंतु त्या कलमाच्या धाकाने दार ठोठावणाऱ्याला मात्र बळ मिळे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध अखेर गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. कायदा बदलला तरी दारावरची सवय तितक्या लवकर बदलत नाही.

म्हणून अशा मेळाव्यात डीजेचे काम केवळ गाणी लावण्याचे राहत नाही. हाउसची लय मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांची. फाल्गुनीचे गाणे त्यात मिसळायचे, तर त्याचा वेग थोडा वाढवावा लागतो, आधीच्या गाण्याचा ठेका त्याखाली चालू ठेवावा लागतो. तो सांधा जमला की कोपऱ्यात अवघडून उभे असलेलेही रिंगणात येतात, कारण या गाण्याच्या पावल्या त्यांना सोसायटीच्या आवारापासून पाठ असतात.

रिंगणाची दारेही मात्र कायम उघडी राहतील, असे नाही. २०२५ च्या नवरात्रात विश्व हिंदू परिषदेने केवळ हिंदूंनाच प्रवेश द्यावा आणि आधार कार्ड तपासावे, अशी सूचना गरबा आयोजकांना केली होती. म्हणजे आजवर क्लबच्या दारावर असलेला प्रश्न वेगळ्या रूपात मैदानाच्या फाटकावर आला.

उपनगरांतील तरुणांपुढे आणखी एक साधी अडचण असते. उघड्यावरील ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागतात. सरकारने सवलत दिलेल्या, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवशी ते बाराला थांबतात. बंदिस्त सभागृहातील पार्टी त्याच सुमारास रंगात येते. घरून साध्या कपड्यांत निघून मनाजोगता पोशाख पिशवीतून न्यायचा आणि परतताना पुन्हा बदलायचा, हे ज्यांना करावे लागते, त्यांचे लक्ष घड्याळाकडेही असते. चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणारी शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते. ती चुकली, तर पहाटे चारनंतरच्या पहिल्या गाडीची वाट पाहावी लागते.