वाघ मारावयाचा कोणी आणि कसा?

ब्रह्मपुरीच्या जंगलात पकडून वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेल्या एका वाघिणीला ठार मारण्याचा आदेश ऑक्टोबर २०१७ मध्ये निघाला होता. या आदेशाला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर रोजी फेटाळले. वन खात्याची पथके तिच्या मागावर होती. तिच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. बंदुकीचा बार मात्र झालाच नाही. दोनच दिवसांनी, सिंदीविहिरीच्या शिवारात, पिकाच्या राखणीसाठी वीजप्रवाह सोडलेल्या कुंपणाच्या तारेला लागून ती मेली. शासन, न्यायालय, पशुप्रेमी आणि पीडित ग्रामस्थ यांच्यात महिनोन्‌महिने चाललेला वाद अखेरीस एका तारेने मिटविला.

या घटनेची चर्चा तेव्हा बहुतांशी 'वाघ की माणूस' या ठराविक चाकोरीतूनच झाली. त्या चाकोरीत एक महत्त्वाचा प्रश्न दुर्लक्षित राहिला. माणसांवर हल्ले करणारा वाघ हटविणे वा प्रसंगी मारणे अटळ ठरले, तर ते काम कोणी आणि कोणत्या साधनाने करावयाचे? शिकारीचे साधन ही केवळ तांत्रिक बाब आहे, असा समज आहे. वस्तुतः कोणता प्राणी मरणार आणि कोणता वाचणार, हे साधनच ठरवीत असते.

कुत्र्यांची शिकार, कुत्र्यांवाचून शिकार

याचे बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील पश्चिमेकडील राज्यांत प्यूमा नावाचा मोठा मांजरवर्गीय प्राणी आहे. त्याला तेथे डोंगरी सिंह असेही म्हणतात. त्याची शिकार परंपरेने कुत्र्यांच्या टोळीच्या साहाय्याने केली जाई. कुत्री वासावर माग काढतात आणि प्यूमा त्यांच्या भुंकण्याने बिथरून झाडावर चढून बसतो. ही शिकार अमानुष आहे, असा आक्षेप घेऊन ओरेगॉन राज्याच्या मतदारांनी १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी १९९६ मध्ये कुत्र्यांच्या वापरावर बंदी घातली. आक्षेप योग्यच होता. परंतु परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला नाही.

कुत्र्यांवाचून प्यूमा शोधणे अतिशय अवघड असते. तो एकटा आणि अबोल असतो व बहुधा रात्रीच हिंडतो. एकेका शिकाऱ्याच्या यशाची शक्यता नगण्य झाली, तेव्हा शासनाने परवाने स्वस्त करून त्यांची संख्या वाढविली. ओरेगॉनमध्ये काही शेकड्यांत असणारे परवाने हजारोंवर गेले. हरणाच्या शिकारीला निघालेल्या माणसाच्या खिशात प्यूमाचाही परवाना असू लागला आणि अवचित समोर आलेल्या जनावरावर गोळी झाडली जाऊ लागली. झाडावर कोंडलेला प्यूमा नर आहे की मादी, तिला पिले आहेत काय, हे पाहून कुत्री मागे घेण्याची मुभा जुन्या शिकाऱ्याला होती. नव्याला तेवढा अवधीच मिळेना. वॉशिंग्टनमध्ये तर बंदीनंतर मारल्या जाणाऱ्या जनावरांत माद्यांचे प्रमाण वाढले. कौशल्याचे महाग साधन बंद झाले की त्याची जागा स्वस्त आणि अविवेकी साधन घेते, हा बाजारातला अनुभव जंगलातही खरा ठरला.

याचा अर्थ वाघामागे कुत्री सोडावीत असा मुळीच नव्हे. वाघ प्यूमापेक्षा कितीतरी अवजड असतो. तो झाडावर न चढता उलटून चाल करतो. बिबट्याच्या बाबतीत तर कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्यच आहे. म्हणूनच आपल्याकडे वाघाची शिकार प्रामुख्याने कुत्र्यांवाचूनच झाली. तिची अंगे दोन होती. एक संस्थानिकांचा आणि साहेबांचा हाका, ज्यात शेकडो हाकेकरी जंगल उठवीत आणि मचाणावरचा पाहुणा गोळी झाडी. दुसरे अंग होते माग काढण्याचे. नाल्याच्या ओल्या वाळूतला पंजाचा ठसा, वानरांचे खेकसणे, भेकराचे भुंकणे आणि आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे पाहून वाघाचा ठिकाणा सांगणारा माणूस हा त्या शिकारीचा कणा होता. गारा, म्हणजे वाघाने मारलेले जनावर, कोठे पडले आहे आणि त्यावर तो केव्हा परतेल, हे त्याला कळे. कुत्र्याचे नाक जे काम करते ते येथे गुराखी, मजूर आणि आदिवासी यांचे डोळे करीत. इतिहासात मात्र नाव राहिले ते गोळी झाडणाऱ्याचे.

पांढरकवड्याचा धडा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार संपविली. तरी कलम ११ नुसार, मानवी जीविताला धोका ठरलेल्या वाघाला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. मात्र त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नाही, याची त्यांना आधी खात्री पटावी लागते. म्हणजेच कायद्याने शिकाऱ्याला डोळे उघडे ठेवण्याची सक्ती केली आहे. ती प्रत्यक्षात पाळली जाते काय, हे पाहण्यासाठी वर्धा नदी ओलांडून शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात जावे लागते.

पांढरकवडा–राळेगाव भागात २०१६ पासून तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका एका वाघिणीवर होता. शासकीय दप्तरात ती टी-१ होती, तर वृत्तपत्रांत अवनी. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्याविरुद्धच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर जी मोहीम उभी राहिली तिचा पसारा विलक्षण होता. कॅमेरे आले, उष्णता टिपणारे ड्रोन आले, वाघिणीला आकर्षित करण्यासाठी परदेशी सुगंधी द्रव्य आले. हत्ती आणले गेले. त्यांपैकी एक साखळी तोडून पळाला आणि त्याने एका स्त्रीचा बळी घेतला. केन कोर्सो जातीची दोन इटालियन कुत्रीही आणली गेली. ज्या भूमीत कुत्र्यांवाचून वाघाचा माग काढण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तेथे परदेशी जातीच्या कुत्र्यांची आठवण व्हावी, यातच त्या विद्येच्या आजच्या अवस्थेचे वर्णन आले.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती वाघीण खासगी नेमबाजाच्या गोळीने मेली. तिला दोन बछडे होते. त्यांतील मादी बछड्याला पुढे डिसेंबरमध्ये पकडण्यात आले. मोहिमेत विहित कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने नमूद केले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्या गावकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार शहरातील कोणालाही नाही. परंतु दोन वर्षे माणसे मरत असताना मोहीम रेंगाळली आणि शेवट अंधारात घाईने झाला. हे कसले लक्षण समजावयाचे? जेथे मागाचे नित्य ज्ञान नसते तेथे विलंब आणि उतावळेपणा एकाच वेळी नांदतात.

तारेचे अर्थशास्त्र

आता पुन्हा सिंदीविहिरीकडे वळले पाहिजे. ज्याने तार लावली त्याला वाघीण मारावयाची नव्हती. त्याला कापूस, तूर, सोयाबीन वाचवावयाचे होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करतो आणि रोह्यांचा कळप कोवळे शेंडे खुडून नेतो. जागलीला रात्र काढावी तर वाघाचे भय, न काढावी तर पिकाची आशा सोडावी लागते. अशा स्थितीत तारेचे एक भेंडोळे आणि वीजवाहिनीवर टाकलेला आकडा ही त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त राखण ठरते. वीज फुकट, मजुरी शून्य आणि झोप सलग. त्याचा हिशेब त्याच्यापुरता अचूक असतो.

चूक आहे ती त्या हिशेबात न धरलेल्या रकमांची. त्याच तारेला कोणाचा बैल लागतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी लागतो, कधी घरचेच माणूस लागते. वाघ लागला तर हानी साऱ्या राष्ट्राची होते, पण तार लावणाऱ्याच्या वहीत ती उमटत नाही. लाभ एकाचा आणि खर्च सर्वांचा अशी ही स्थिती. अशा वेळी केवळ गुन्हे नोंदवून भागत नाही. रास्त मार्ग स्वस्त आणि घातक मार्ग महाग करावा लागतो. आज विदर्भात नेमके उलटे आहे.

प्यूमाच्या उदाहरणाशी हे ताडून पाहिले तर साम्य ध्यानात येते. झाडाखाली उभा राहिलेला शिकारी निदान वर पाहतो. मचाणावरचा नेमबाज क्षणभर थांबतो. पिंजरा चुकीचे जनावर सोडून देऊ शकतो. कॅमेऱ्यात पट्ट्यांवरून वाघाची ओळख पटते. तारेला मात्र नर, मादी, नरभक्षक, निरुपद्रवी, वाघ, बैल आणि माणूस असा कोणताही भेद कळत नाही. सिंदीविहिरीला तिने मारलेली वाघीण योगायोगाने आदेशातली निघाली, एवढेच. वाघीण कोठे आहे हे गळ्यातला पट्टा सांगत होता. तारा कोठे आहेत हे सांगणारे यंत्र कोणापाशीच नव्हते. ते ठाऊक असतात गावातल्या माणसाला, आणि त्या माणसाला विचारण्याची सोय व्यवस्थेत नाही.

खर्च कशावर करावा?

बोर हा देशातील अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाचे मूळ क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. मेळघाट, पेंच, ताडोबा यांच्या मधोमध असलेल्या या टापूतून वाघ ये-जा करणारच आणि त्यांची वाट शेतांतूनच जाणार. तेव्हा वाघाला शिवारात येऊच द्यावयाचे नाही, हे धोरण होऊ शकत नाही. तो आला तर प्रथम कोणाला कळते आणि पुढे काय होते, एवढेच आपल्या हाती आहे.

म्हणून पहिला खर्च माग काढणाऱ्या माणसावर झाला पाहिजे. जंगलालगतच्या प्रत्येक गावात दोन-चार तरुणांना बारमाही वेतन, प्रशिक्षण आणि विमा देऊन या कामावर ठेवावे. काही भागांत प्राथमिक प्रतिसाद दले उभी राहिली आहेत, ही स्तुत्य गोष्ट. परंतु हंगामी मानधनावर आयुष्य धोक्यात घालण्याची अपेक्षा न्याय्य नाही. वाघाची ओळख आधीच पटलेली असेल तर पकडण्याचा निर्णय लवकर होईल, आणि लवकर झालेल्या निर्णयात माणूस आणि वाघ दोघेही वाचण्याची शक्यता अधिक.

दुसरा खर्च कुंपणावर. सौर कुंपणातील, गावभाषेत झटका मशीनमधील, प्रवाह क्षणाक्षणाने तुटत जातो. तो जनावराला हटवितो, मारीत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते. तेथे अर्जापासून कुंपणापर्यंतचे अंतर पेरणीपासून कापणीपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी असले पाहिजे. तिसरी गोष्ट दिवसाच्या विजेची. ओलितासाठी शेतकऱ्याला रात्री शेतात जावे लागू नये, हा केवळ कृषी धोरणाचा नव्हे तर वन्यजीव धोरणाचाही भाग मानला पाहिजे. चौथी गोष्ट पीकहानीच्या भरपाईची. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्यास मिळणारी रक्कम शासनाने २०२२ मध्ये २० लाखांवर नेली आणि पुढे ती आणखी वाढविली. हे उचितच झाले. परंतु मृत्यूची किंमत वाढत असताना रानडुकराने खाल्लेल्या पऱ्हाटीचा पंचनामा रेंगाळत असेल, तर शेतकरी आकडा टाकणारच.

यावर असा आक्षेप येईल की माणूस मेल्यावर माग काढत बसण्यास सवड कोठे असते? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. माग माणूस मेल्यावर काढावयाचा नसतो. तो रोज काढावयाचा असतो, वाघाने काहीही केले नसताना काढावयाचा असतो. संकटाच्या दिवशी भाड्याने आणलेले नेमबाज, हत्ती आणि कुत्री त्या रोजच्या कामाची भरपाई करू शकत नाहीत.

विदर्भाच्या जंगलांतील वाघ वाढले, याचा अभिमान मिरविताना त्या वाढीचा भार कोणाच्या शिवारावर पडला, हेही सांगितले पाहिजे. तो भार उचलणाऱ्याच्या राखणीची सोय समाजाने केली नाही, तर तो आपली सोय स्वतः करील. ती सोय वीजवाहिनीवर टाकलेल्या आकड्याची असेल, आणि पुढच्या खेपेला तिला लागणारा वाघ कोणाच्याही आदेशातला नसेल.