माणिकगडाची वाट कुठून?

किल्ला म्हटला की पनवेलकरांच्या तोंडी आधी नाव येतं कर्नाळ्याचं. गोवा महामार्गावर उतरा, अभयारण्याच्या फाटकावर पावती फाडा, मळलेली वाट थेट सुळक्याच्या पायथ्याशी. १९६८ साली पक्षी अभयारण्य झाल्यापासून तिथे चुकायला फारसा वाव उरलेला नाही.

माणिकगडाचं तसं नाही. उंची दोन हजार फुटांच्याही आतली, पण अंगभर झाडी. रसायनीजवळचं वाशिवली हे पायथ्याचं नेहमीचं गाव. तिथून निघालं की खरा त्रास वाट नसण्याचा नाही, वाटा फार असण्याचा आहे. गुरांच्या, लाकूडफाट्याच्या, करवंदांच्या. ढोरवाट ओळखायची खूण साधी: ती चढाला भिडत नाही, आडवी जाते आणि पाण्यापाशी किंवा गवतात विरते. माणसाची जुनी वाट धारेवर चढते, वळणावर दगड झिजलेले दिसतात. झाडांवरच्या रंगीत बाणांवर मात्र आंधळा भरवसा नको. पाऊस बाण पुसतो आणि हौशी लोक नवे, भलतीकडचे काढतात.

भाद्रपद-आश्विनात गवत कमरेइतकं वाढतं, तेव्हा वाट डोळ्यांना नाही, पायांना लागते. मार्गशीर्षात तीच उघडी पडते. पहिल्या खेपेला वाडीतला माणूस सोबत घ्यावा, ठरलेले पैसे बिनघासाघीस द्यावेत. परतताना मागे वळून पाहत चला असं तो सांगेल. पण ते चढतानाच पाहिलेलं बरं, कारण उतरताना प्रत्येक फाटा सारखाच वाटतो. वर दरवाजा आणि टाकी आहेत. पाणी मात्र खालूनच न्यावं.