मॉडिफाय केलेली पोलो विकताय? आधी स्पॅनर हातात घ्या

पोलो जीटी टीएसआय भारतात बंद झाली, पण शौकीन अजून शोधत असतात. म्हणून रीमॅप, कॉइलओव्हर, मोठा एक्झॉस्ट अशी गाडी जशीच्या तशी विकायचा मोह होतो. गिऱ्हाईक मिळालंच तर उत्तम, पण खर्च केलेले पैसे वसूल होतील ही आशा सोडा. डीलर तर नंतर बसवलेल्या पार्टांना फुटकी कवडी देत नाही, उलट भाव पाडतो.

माझं मत: गाडी मूळ रूपात आणा, पार्ट वेगळे विका. अलॉय आणि कॉइलओव्हर पटकन खपतात. रीमॅप मात्र विकता येत नाही, ट्यूनरकडून मूळ फाइल परत टाकून घ्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच बजावलं. कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ रूपात आणण्याला अपवाद एकच: मूळ सस्पेन्शन, सायलेन्सर भंगारात गेले असतील तर आधी नव्यांचा भाव काढा. आणि ज्यांनी अजून काही बदललं नाही, त्यांनी पुढे बदल करताना काढलेला एकही पार्ट गॅरेजवाल्याकडे सोडू नये!