थप्पीच्या तळाची गोणी

भिवंडीकडच्या काल्हेर-कशेळीच्या गोदामांतून निघालेला माल कशेळीचा पूल ओलांडून बाळकुमात येतो. दुकानामागच्या खोलीत जागा कमी, म्हणून गोण्यांची थप्पी लागते. शेवटी आलेली गोणी सगळ्यांत वर, म्हणून तीच आधी बाहेर जाते. या पद्धतीला ‘लिफो’ म्हणतात. ती कशी चालते, ते एकेक टप्प्याने पाहू.

१. आवक-जावक. समजा, दिवसाला सरासरी एक गोणी येते आणि एका गोणीचं गिऱ्हाईकही येतं. दोन्हींची वेळ मात्र ठरलेली नाही. कधी दोन गोण्या लागोपाठ येतात, कधी दोन दिवस एकही नाही.

२. मर्यादा. खोलीत चारच गोण्या मावतात. खोली भरलेली असताना आलेली गोणी परत जाते. अशा अनियमित आवक-जावकीत खोलीत शून्य, एक, दोन, तीन किंवा चार गोण्या असण्याचा संभव सारखाच असतो. म्हणून सरासरी पाचातली एक गोणी परत जाते.

३. मुक्काम. खोलीत सरासरी २ गोण्या असतात आणि दिवसाला ०.८ गोणी आत येते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो, की २ ला ०.८ ने भागलं की सरासरी मुक्काम मिळतो: अडीच दिवस.

४. इथे फसगत होते. गोणी वरून काढा की तळातून, सरासरी अडीच दिवसच राहते. त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण वरची गोणी कधी तासाभरातही जाते आणि तळाची मात्र थप्पी पूर्ण संपेपर्यंत हलत नाही. नवा माल येत राहिला, की तीच सडते. म्हणून सरासरीवर समाधान मानू नका, सर्वांत जुन्या गोणीची तारीख पाहा.

५. जागा वाढवली तर? चाराऐवजी नऊ गोण्यांची जागा केली, तर दहातली एकच परत जाते. पण सरासरी मुक्काम अडीचवरून पाच दिवसांवर जातो. टिकाऊ मालाला हे चालेल, नाशवंत मालाला नाही.

६. उपाय. दोन थप्प्या लावा. एक तळापर्यंत संपेपर्यंत नवा माल फक्त दुसरीवर ठेवा. थोडी जागा अडते, पण जुना माल आधी निघतो. प्रत्येक गोणीवर आल्याची तारीख खडूने लिहा. औषधांसारखा मुदतीचा माल असेल, तर ज्याची मुदत आधी संपते, तो आधी काढा.

लिफो सगळीकडे वाईट नाही. काल्हेरहून बाळकुम, माजिवडा, नौपाडा असा टेम्पो जाणार असेल, तर नौपाड्याचा माल आधी भरावा आणि बाळकुमचा शेवटी. उतरवण्याचा क्रम आधीच ठाऊक असेल, तर लिफो उत्तम. माल नाशवंत असेल आणि क्रम ठरलेला नसेल, तर मात्र टाळा. आज आपल्या थप्पीतली तळाची गोणी एकदा काढून पाहा.