‘अनिवार्य’ आणि ‘सर्वसाधारणपणे’ : तृतीय भाषेच्या निर्णयाचे लोकवाचन

सामान्य नागरिक शासनाच्या धोरणपत्रास केवळ भावनेने प्रतिसाद देतात, त्यातील शब्द ते वाचीत नाहीत, असा एक समज रूढ आहे. शालेय शिक्षणातील तृतीय भाषेवरून २०२५ साली महाराष्ट्रात झालेला वाद या समजाची फेरतपासणी करावयास लावणारा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी करताना राज्य शासनाने १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयान्वये मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिली ते पाचवीपर्यंत हिंदी ही तृतीय भाषा अनिवार्य केली. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ हा शब्द जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ हा आला. अन्य भारतीय भाषा निवडण्याची मुभा देण्यात आली. मात्र त्यासाठी इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांची इच्छा आवश्यक ठरविली गेली. विरोध शमला नाही. २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

शब्द सौम्य होऊनही विरोध का टिकला? राजकीय कारणे उघड आहेत. परंतु भाषिक कारणही उपेक्षणीय नाही. प्रशासकीय मराठीत आज्ञेचा भार बहुधा क्रियापद वाहते. ‘शाळा सकाळी सात वाजता भरेल’ हे भविष्यकथन नव्हे. तो आदेश होय. म्हणून विशेषण गाळल्याने आदेशाचे स्वरूप पालटत नाही. शिवाय ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द एका भाषेस नियमाचे स्थान देतो आणि उरलेल्या भाषांना अपवाद ठरवितो. अपवाद सिद्ध करण्याचे ओझे अर्थातच पालकावर येते.

हे ओझे किती, हे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात स्पष्ट दिसते. कारखान्यांमुळे येथे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि उत्तर भारतातून कुटुंबे आली. एकाच वर्गात अहिराणी, वऱ्हाडी, भोजपुरी बोलणारी मुले असू शकतात. त्यांपैकी अनेकांना प्रमाण मराठी हीच घराबाहेरची पहिली भाषा असते. अशा वर्गात इच्छा अनेक भाषांत विभागल्या जातात. एका भाषेसाठी वीस मुले जमणे दुष्कर होते. ज्या इयत्तेचा पटच वीसपेक्षा कमी, तेथे तर मुभा कागदावरच राहते.

यावर, येथील लोकांना सक्तीच नकोशी असते, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच परिसरातील होते. त्या निर्णयासही विरोध झाला. परंतु तो टिकला, कारण इंग्रजीची मागणी पालकांच्या मनात आधीपासून होती. हिंदीची गोष्ट निराळी. कारखान्यात, बाजारात, चित्रपटांत ती मुलांच्या कानी पडतेच. सहाव्या वर्षी तिचे लेखन-वाचन शिकण्याची निकड पालकांना पटलेली नव्हती. हिंदीविषयीचा द्वेष आणि हा प्रश्न यांत भेद करणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

धोरणाचा मसुदा करणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. वाचक विशेषणापाशी थांबत नाही. तो क्रियापद पाहतो, अट मोजतो आणि आपल्या मुलाच्या वर्गाचा पट आठवतो. निवडीचे स्वातंत्र्य द्यावयाचे असेल, तर ते शब्दात नव्हे, अटीत दिसले पाहिजे.